साटीन माफ करत नाही

२०२५ साल. माझं वय एकाहत्तर. मस्कतला मदिनत सुलतान काबूसच्या बाजारामागे शिलाईचं दुकान आहे, कागदावर अर्बाबचं, म्हणजे इथल्या मालकाचं, आणि मशीनवर माझं. त्या सकाळी मी एका नवरीच्या झग्याचं साटीन कापत होतो, तेवढ्यात फोन वाजला. बाईंच्या घरी काम करणारी श्रीलंकेची कुसुम बोलत होती. "मास्टर, मॅडम गॉन," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि कापड शेवटपर्यंत कापलं. राजापुरात माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, कात्री कापडात असताना उठायचं नाही. उठलास तर ते कापड कुणाच्याच अंगाला सुख देत नाही. कापून झालं, कात्री पुसली, जागेवर ठेवली... आणि मग मला उठता येईना.

माणूस गेल्यावर लिहायचं तर गोड लिहावं म्हणतात. मी सातवी नापास माणूस, मला गोड लिहिता येत नाही. बाईंनाही गोड आवडत नसे, कॉफीतसुद्धा नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, हे मी रागाने लिहितोय. राग बाईंवर नाही. कुणावर आहे ते वाचत गेलात की कळेल. तिचं नाव मात्र लिहिणार नाही. तिला बरंच नाव मिळालंय, त्यात माझ्या शाईची भर कशाला?

बाई म्हणजे बियात्रीचे. आडनाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून चुकीचं लिहीत नाही. देश इटली. तिकडे मोठाली नाटकगृहं असतात आणि नाटकातलं सगळं बोलणं गाण्यातच असतं. आमच्या दशावतारातला राजा जसा माईकशिवाय मांडावर जमलेल्या अख्ख्या गावाला ऐकू जातो तसंच, फक्त इथे खाली शंभरेक वाजवणारे बसलेले असतात आणि त्यांच्या डोक्यावरून एकट्या माणसाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा लागतो. बायकांतला सगळ्यात उंच आवाज असतो त्याला सोप्रानो म्हणतात. बाई सोप्रानो होत्या. हे मला फार पुढे कळलं. पहिल्या दिवशी माझ्या लेखी त्या एक गोरं गिऱ्हाईक होत्या, हिरवं साटीन घेऊन आलेलं.

घरी त्या पोरांना गाणं शिकवायच्या, त्या पोरांच्या कार्यक्रमात घालायला त्यांना झगा हवा होता. मी माप घेतलं, झगा शिवला, ट्रायलला बोलावलं. बाईंनी हूक लावले, आरशासमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि श्वास घेतला. माणसाला असा श्वास घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. छातीने नाही, पाठीने. बरगड्या दाराच्या फळ्यांसारख्या दोन्हीकडे उघडल्या आणि माझे हूक टपाटप उडाले. एक थेट अर्बाबच्या चहाच्या पेल्यात पडला. तो "या अल्लाह!" करून उठला, मग पेल्यात बघून हसायला लागला. मला काही हसू आलं नाही. माझं काम आजवर असं कुणी फोडलं नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "माप दिलंत तेव्हा एवढ्या नव्हतात."

"माप घेतलंस तेव्हा मी गप्प होते," बाई म्हणाल्या.

आमचं बोलणं म्हणजे खिचडी. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी बाईंचे हात. मी ते मराठीत लिहितो. तर चूक अशी होती. बाईमाणूस टेपसमोर उभं राहिलं की पोट आत ओढतं आणि श्वास धरतं. आम्ही शिंपी तेच माप घेतो आणि वर बोटभर सोडतो. सगळीकडे हेच चालतं, तक्रार कुणी करत नाही, कारण झगा घालून कुणी गात नाही. बाईंनी कुसुमला बोलावलं, तिच्या हाती टेप दिला, पाठीतून श्वास भरला आणि तसाच धरून मला खूण केली, आता बघ. आधीच्या मापात आणि ह्या मापात चार बोटांचा फरक होता. श्वास सोडल्यावर म्हणाल्या, "माझं घर ह्या चार बोटांत आहे, माएस्त्रो. तू मला घराबाहेर काढलंस."

दुकानात सगळे मला मास्टर म्हणतात, बाई माएस्त्रो म्हणायच्या. ही पदवी तिकडे अख्खा वाद्यवृंद चालवणाऱ्याला देतात, हे मला पुढे कुणीतरी सांगितलं. पण तोवर मला तिची सवय झाली होती. परत केली नाही.

हिरवा झगा मी उसवून पुन्हा शिवला आणि तेव्हापासून बाईंचा प्रत्येक कपडा माझ्याकडेच आला. त्यांच्या शिकवणीतल्या पोरींचेही आले. त्यांच्या घरी माप घ्यायला गेलो की दिसायचं, पोरं जमिनीवर उताणी, प्रत्येकाच्या पोटावर तांदळाची पिशवी, आणि बाई काठी घेऊन फिरतायत. पिशवी वर आली पाहिजे, खांदा हलता कामा नये. मी एकदा विचारलं, "बासमतीच लागतो का, बाई?" त्या म्हणाल्या, "बासमती उंच आवाजाला. तुझ्यासारख्याला उकडा." थट्टा अशी करायच्या, पण पोरीच्या घरचे फक्त फोटोपुरते शिकवतायत असं दिसलं की त्या पोरीला दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या नाहीत. आणि एकदा मनातून उतरलेला माणूस पुन्हा चढायचा नाही. ह्या एका गोष्टीत आमचं गोत्र एक. माझ्या मेव्हण्याने माझ्या लग्नाच्या कोटाला उंदराने कुरतडलाय म्हटलं होतं. त्याच्याशी मी अजून बोलत नाही. बाईंना हे सांगितलं तर एवढंच विचारलं, "तुझा मेव्हणा तब्येतीने कसा आहे?" म्हटलं, "ठणठणीत." म्हणाल्या, "वाईट."

बाई पाव भाजणाऱ्याच्या घरातल्या. समुद्रकाठचा कोळ्यांचा गाव. बाप पहाटे कणीक तिंबायचा, ही पोर बाजूला उभी राहून तिंबायची आणि गायची. चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्याने ऐकलं, त्याने शहरातल्या गुरूकडे पाठवलं. मग तिकडचं सगळं... दासी होऊन ताट आणायचं, दोन ओळी गायच्या, निघून जायचं. परत पुढच्या नाटकात दासी, ताट, दोन ओळी. त्या दिवसांत खोलीत सोबतीला एक मुलगी होती, त्याच गुरूची. दोघी एका भांड्यात शेवया शिजवायच्या, एक कोट आळीपाळीने घालायच्या. ती मुलगी म्हणजेच ती, जिचं नाव मी लिहिणार नाही. पुढे बाईंना एका मोठ्या नाटकात राणीचं काम मिळालं, त्यांच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम, आणि बाई आजारी पडल्या तर बदली म्हणून तिला ठेवली.

पण बाई आजारी पडल्या नाहीत. पहिल्या प्रयोगाला गावाहून बाप आला होता, केसांतलं पीठ झटकून. दुसऱ्या अंकात राणीचं एक गाणं आहे, त्यातली एक लांबलचक ओळ एका श्वासात गायची असते. गुरूने तेवढ्यासाठीच ह्यांना निवडलं होतं, तसा श्वास त्या शहरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाईंनी श्वास घ्यायला बरगड्या उघडल्या आणि त्या उघडेनात. ओळ मध्येच तुटली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तुटली. तिकडचे लोक नाटकाला येऊन गप्प बसत नाहीत. आवडलं तर छत उडवतात, नाही आवडलं तर शिट्ट्या. तर शिट्ट्या झाल्या. मधल्या सुट्टीत मालकाने बाईंना बाजूला केलं आणि पुढच्या अंकात राणी म्हणून ती दुसरी उभी राहिली. तिच्या अंगाच्या मापाचे कपडे आधीपासून तयार होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की बियात्रीचेचा आवाज चांगला, पण श्वास तोकडा. बाई सांगत राहिल्या, श्वास माझा होता, चोळी घट्ट होती. लोक हसले. नाचता येईना अंगण वाकडं, असलं काहीतरी त्यांच्या भाषेतही असणारच.

तो शिक्का कायमचा बसला. तोकड्या श्वासाची बाई. मोठी नाटकगृहं बंद झाली. मग लहान गावं, लग्नं, जत्रा, मग प्रवासी जहाजावर जेवणाऱ्यांच्या पुढ्यात गाणं. जहाजावरच त्यांना नवरा भेटला, रस्ते बांधणारा इंजिनीअर, आणि तो त्यांना इकडे मस्कतला घेऊन आला. नवरा गेला तरी बाई इथेच राहिल्या. दक्षिणेला सलालाहला, खरीफ म्हणतात त्या पावसाळ्यात जायच्या, भुरभुर पावसात नारळीच्या बागांत फिरायच्या. मी विचारलं होतं, आपल्या देशात का जात नाही? म्हणाल्या, "तिथे सगळ्यांना माझा श्वास माहीत आहे." आणि ती दुसरी? ती जगभर गायली. पदकं, हार, तबकड्या. बाईंकडे तिची एकही तबकडी नव्हती, पण ती कुठे काय गायली हे सगळं पाठ होतं. असं पाठ करायला प्रेम नाहीतर वैर लागतं.

आमची ओळख जुनी झाल्यावर बाईंनी एक दिवस मलमलीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं. राणीची चोळी, त्या रात्री अंगावर होती तीच, परत न केलेली. म्हणजे झग्याचा वरचा भाग, आत काड्या घातलेला. तिकडे त्याला काय म्हणतात ते सोडा, मी चोळीच म्हणतो. लाल साटीन, अजून झळझळीत. "ह्यात कुणी हात घातलाय का, सांग," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही?" तर म्हणाल्या, "मला रोज दिसतं. मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय."

मी चोळी उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली. पहिली शिवण हाताची, मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याची, एकेक टाका देवाला दाखवावा असा. दोन्ही बगलांत ती उसवलेली आणि तिच्या आत, दोन बोटं सोडून, दुसरी टीप. सुती दोरा. घाईचा हात, अस्तर न उसवता वरूनच मारलेली. ज्याने पहिली शिवण घातली त्याने ही घातलेली नाही, हे मी कुठल्याही देवळात हात ठेवून सांगेन. आणि साटीनची एक रीत आहे. सुती कापडाची शिवण उसवली, पाणी मारलं, इस्त्री फिरवली की सुईची भोकं बुजतात, कापड विसरून जातं. साटीन विसरत नाही. एकदा सुई गेली की भोक राहिलं ते राहिलं. तिथे दोन रांगा होत्या, बाईंच्या मापाची एक आणि चोरीची एक. इकडून दोन बोटं, तिकडून दोन बोटं.

"चार," मी म्हटलं.

बाई माझ्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ पाठीतून श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "घालताना कशी कळली नाही, असं तू विचारणार ना? घातली तेव्हा बसली होती. उभी होते तोवर बसली होती. कपडे चढवणारी बाई पाठीमागून बंद ओढत होती आणि त्या रात्री सगळंच घट्ट वाटत होतं, गळा, पोट, बूट." आणि ती कपडे चढवणारी? पुढच्याच महिन्यात त्या दुसरीने तिला आपल्याकडे ठेवून घेतली, ती मरेपर्यंत. मला अजून कुठला पुरावा हवा होता? मी चोरटी टीप उसवली आणि बाईंच्या सांगण्यावरून जुन्याच भोकांतून, जुन्याच मापाने रेशमी दोऱ्याने शिवली. चोरीची भोकं मात्र तशीच राहिली. ती पुसणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी पुसली नसती.

आणि मग गेल्या हिवाळ्यात ती दुसरी मस्कतला आली. इथल्या संगीतगृहात तिचा सत्कार, आणि ऐंशीच्या घरातली ही म्हातारी एक गाणं गाणार. तिचा निळा झगा अंगाला होईना, हॉटेलवाल्यांनी गायकांचे कपडे शिवणारा म्हणून मलाच बोलावलं. सोबतीला कुसुमला घेऊन गेलो. कुसुमने टेप लावला, त्या बाईने पोट आत ओढलं. मी लांब उभा होतो. म्हटलं, "मॅडम, सिंगिंग ब्रेथ, प्लीज." ती दचकली. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "एका गिऱ्हाइकाने."

झगा घेऊन दुकानात आलो, कापायच्या पाटावर पसरला आणि बाईंना फोन केला. बाई आल्या. मी दोन्ही बगलांत टाचण्या लावून ठेवल्याच होत्या.

"फक्त होय म्हणा, बाई. दोन बोटं इकडून, दोन बोटं तिकडून. खलास."

बाईंनी झग्यावरून हात फिरवला. मग एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या आणि माझ्या डबीत टाकल्या. "नाही."

"का नाही? जन्मभर ज्याची वाट बघितली ते पाटावर येऊन पडलंय. देवाने पाठवलंय."

"नाही म्हटलं ना."

मला चीड आली. मी म्हटलं, "तुमचं मन मेलंय, बाई. म्हातारपणी सगळ्यांचं होतं."

"माझं मन मेलं नाही, माएस्त्रो," बाई म्हणाल्या. "माझं मन तुझ्यापेक्षा वाईट आहे. तू घट्ट केलंस तर ती म्हणेल कपडा घट्ट होता, आणि ते खरं असेल. मी आयुष्यभर खरं सांगितलं, लोक हसले. ते खरं मी तिला देणार नाही. तिला जागा दे. इतकी जागा दे की तिच्याकडे सांगायला काही उरायला नको."

मी शिवला. आयुष्यात इतकं चांगलं काम मी कुणासाठी केलं नाही आणि इतक्या रागानेही केलं नाही. बगलेत कळ्या, म्हणजे जागा वाढवणारे तिकोनी तुकडे घातले, आतून मऊ अस्तर लावलं, हूक दुहेरी. त्या झग्यात बैलसुद्धा मोकळा श्वास घेऊ शकला असता.

कार्यक्रमाला बाईंनी लाल चोळी घातली. म्हातारपणी अंगाने वाळल्या होत्या, जुन्या मापात बसल्या. वर काळी शाल घेतली. मला म्हणाल्या, तू चल. मी स्वतः शिवलेला कोट घातला आणि त्यांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसलो. ती दुसरी निळ्या झग्यात मंचावर आली, लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या, आणि लोक बसले तेव्हा बाईंनी शाल खांद्यावरून खाली सोडली. बस. बाकी काही केलं नाही. त्या दुसरीची नजर रांगेवरून फिरत आली आणि लाल रंगावर अडकली. बाजा सुरू झाला होता. तिने तोंड उघडलं... आवाज होता, खोटं बोलत नाही. पण ओळ अर्ध्यात तुटली. तिने पुन्हा श्वास घेतला, कपड्याने तो सगळा घेऊ दिला, आणि ओळ पुन्हा तुटली. इथले लोक सभ्य, शिट्ट्या मारत नाहीत. त्यांनी टाळ्याच वाजवल्या, आणि त्या टाळ्या माझ्या कानाला शिट्ट्यांपेक्षा बऱ्या वाटल्या. ऐंशीच्या बाईचा श्वास तुटणारच, असं कुणी म्हणेल. शेजारी बसलेल्या बाई काही विशीतल्या नव्हत्या.

नंतर ती खाली आली, लोकांना भेटत भेटत. यजमानांना हसत सांगत होती, झगा जरा काचतो हो, इथे, आणि बरगडीवर हात. बोलणं तिचं, ऐकणारा मी, पुढ्यात उभा! माझी जीभ वळवळली, पण बाई पुढे झाल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली. मी शेजारीच होतो, जे सांगतो ते ह्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. मिठीत त्या दुसरीचा हात बाईंच्या कमरेशी आला आणि तिची बोटं सरळ बगलेतल्या शिवणीवर गेली. दुसरीकडे कुठेच नाही, बरोबर तिथेच. चाचपलं तिने. ज्याला काही माहीत नाही त्याचा हात तिथे कशाला जाईल? त्याच वेळी बाईंनी तिच्या निळ्या झग्याच्या बगलेत आपली बोटं घातली. एक, दोन, तीन, चार. चारही आत. आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. ती पांढरी पडली.

परतताना बाईंची गाडी मी चालवत होतो. विचारलं, काय म्हणालात? "जागा आहे, म्हटलं." मग बाई खूप हसल्या, डोळे पुसले. कुर्मच्या सिग्नलला लाल दिवा लागला आणि बाईंनी काच खाली केली, पाठीतून श्वास घेतला आणि ती ओळ गायल्या. ती, राणीची. लाल दिवा लागला होता तो हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी ती ओळ चाललीच होती. मी गाडी हलवली नाही. मागच्याला म्हटलं, थांब मेल्या.

हे सगळं मी पोटातच ठेवणार होतो. पण पुढे बाईंना निमोनिया झाला. इस्पितळात शेवटी भेटलो तेव्हा तोंडाला ऑक्सिजनची नळी होती. नळी बाजूला करून, थांबत थांबत म्हणाल्या, "माएस्त्रो... आता ते म्हणतील, श्वासानेच गेली. म्हणू देऊ नकोस." मी म्हटलं, "नाही देणार." लाल चोळीत त्यांना पुरावं असं कुसुमच्या मनात होतं, तिने तसं विचारलं. बाईंनी मान हलवली. "मातीत नको. माती सगळं विसरते. तू ठेव." त्यांच्याकडून मी ऐकलेलं शेवटचं तेवढंच.

बाईंना माती दिली, काही आठवडे गेले. मी राहतो अल् घुब्राला, मुलाकडे. एका संध्याकाळी सूनबाई मृणाल ऑफिसातून आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या मॅडमवर त्यांच्या मैत्रिणीने आर्टिकल लिहिलंय. शाळेच्या ग्रुपवर सगळ्या मम्मी शेअर करतायत. सो ब्युटिफुल!" मी म्हटलं, वाच. ती वाचून मराठीत सांगत गेली आणि तिचा आवाज हळूहळू उतरत गेला. लिहिलं होतं की बियात्रीचेचा आवाज देवाचा, पण श्वास तोकडा, बिचारीने त्याचा दोष कपड्यांना दिला. तरुणपणी ज्या श्वासाने तिला दगा दिला, त्याच श्वासाने शेवटी तिला नेलं. आणि खाली शेवटी, तिच्या मत्सराबद्दल मी तिला केव्हाच माफ केलं आहे.

"काय केलं म्हणे?"

"फरगिव्ह... माफ केलं, बाबा."

मी जेवलो नाही. मृणालने ताट झाकलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. चांगली पोर आहे. म्हणाली, "जाऊ दे ना आता, बाबा. मरणाबरोबर वैर संपतं."

"जो मेला त्याचं संपतं," मी म्हटलं. "मी आहे ना अजून."

"अहो, पण करणार काय तुम्ही? ती तिकडे, तुम्ही इकडे. तिच्याकडे पेपर आहे."

मी म्हटलं, "माझ्याकडे काच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या गाडीची वाट बघितली नाही, टॅक्सीने दुकान गाठलं. दुकानाच्या दर्शनी काचेतल्या पुतळ्यावरचा नवरीचा झगा उतरवला. अर्बाब चहा घेऊन आला, मलमल बघितली आणि म्हणाला, "यल्ला, काय आज?" मी म्हटलं, आज बाईंचं. मग मी लाल चोळी उलटी केली, आतली बाजू वर, आणि पुतळ्याला घातली. पुतळ्याच्या छातीत आणि पाठीत कापूस भरला, श्वास घेतलेल्या मापापर्यंत, बरगड्या दारासारख्या उघडलेल्या. बगला रस्त्याच्या बाजूला केल्या. वरचा दिवा असा वळवला की दोन्ही रांगा दिसाव्यात, माझे रेशमी टाके आणि त्यांच्या आतलं चोरीचं प्रत्येक रिकामं भोक. शाळेची वेळ झाली होती. बाईंच्या शिकवणीतल्या पोरींच्या मम्मी गाड्या लावून पोरींचे हात धरून चालल्या होत्या. एक थांबली, काचेशी वाकली, हातातला फोन खाली केला. "मास्टर, ये क्या उल्टा टांगा है?" तिने विचारलं. मी बाहेर स्टूल टाकलं, बसलो, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.